काळ्या चौकटीतली खाच

चि. निहार आणि चि. ओवी,

मागे निहारने फोनवर मला त्याचा नवा कॅमेरा दाखवला. नवा म्हणजे त्याच्यासाठी नवा. तसा तो माझ्याच पिढीतला असावा. रीळ घालायचा, जर्मन, एका विशिष्ट कंपनीचा. "आजी, फोनवर काढतात तो फोटो नसतोच," असे तो मला समजावून सांगत होता आणि मागून ओवी ओरडत होती, "आजी, ज्यांच्याकडे त्या कंपनीचा कॅमेरा नाही त्यांच्याशी हा आता बोलतसुद्धा नाही!" मी हसले. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. निहारच्या आवाजात तुमच्या पणजोबांचा, माझ्या नानांचा, तोच ठाम सूर होता. आणि तो सूर ऐकला की मला अजूनही, या वयात, आधी भीती वाटते आणि मग बाकीचे सगळे आठवते. ती भीती कुठून आली हे मी तुमच्या आईलाही कधी नीट सांगितले नाही. आता सांगायला हवे, कारण ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला वाचायला सोपे गेले असते. पण माझी माय इंग्रजीत बोलत नव्हती, तिला इंग्रजीत बोलायला लावणे मला जमणार नाही. आईकडून वाचून घ्या.

आम्ही गौलीगुड्यात दोन खोल्यांत राहत होतो, वरच्या मजल्यावर. खाली मिरच्या कांडायचे दुकान होते. सकाळी मुसळांचा धप् धप् आवाज सुरू झाला की थोड्या वेळाने आमच्याकडे शिंका सुरू होत. माय म्हणे, या घरात पाहुणा आला की आधी शिंकतो आणि मग रामराम करतो. आमचे मूळ गाव मराठवाड्यात, शेतीवाडीचे. नाना शिकून हैदराबादला सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर लागले, म्हणून आम्ही इथे. घरात भाकरी ज्वारीची, पण तिच्यासोबत खट्टी दाळ. अंबाडीची चटणी मायला समोरच्या लक्ष्मम्मांनी शिकवली होती. लक्ष्मम्मा विधवा होत्या, तेलुगू. गल्लीच्या या बाजूने माय मराठीत आणि त्या बाजूने लक्ष्मम्मा तेलुगूत बोलत, मध्ये दोघी थोडी दख्खनी घालत, आणि दोघींचे सगळे एकमेकींना कळे. त्यांचा मुलगा सत्यम शाळेत मास्तर होता. संध्याकाळी तो मला गणित शिकवायला येई. माझे उत्तर चुकले की रागवायचा नाही, फक्त म्हणायचा, "सुशीला अम्मा, फिर से देखो. हिसाब भागके नहीं जाता."

नानांचा जीव मात्र कॅमेऱ्यात होता. घडीचा, भात्याचा, जर्मन कॅमेरा. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निहार ते शोधत बसेल आणि पुढचे वाचणार नाही. कोठीच्या बाजारात हमीदचाचांचे चष्म्यांचे दुकान होते. दर रविवारी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत चार जण जमत: हमीदचाचा, नाना, कोठीतलेच एक डॉक्टर आणि नरसिंगराव. नरसिंगराव हे नानांच्या कचेरीतले वरिष्ठ, उंच, कडक इस्त्रीचे, आणि या चौघांचे पुढारी. चौघांकडे त्याच कंपनीचा कॅमेरा होता, आणि पाचवा कोणी दुसऱ्या कंपनीचा घेऊन आलाच तर नरसिंगराव तो हातात घेऊन, चारही बाजूंनी पाहून, अगदी आदराने परत देत आणि म्हणत, "अच्छा डब्बा है. चाय की पत्ती रखो इसमें." एकदा एक बिचारा वकील आपला इंग्लिश कॅमेरा दाखवायला आला होता. तो पुन्हा त्या गल्लीतून गेला नाही.

त्यांचे नियम कडक होते. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा गोरा करायचा नाही. छापताना कड कापायची नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवून जशीच्या तशी छापायची, म्हणजे चित्राभोवती काळी चौकट येते. चौकट अखंड दिसली की समजायचे, माणसाने जे पाहिले ते सगळे इथे आहे, काही लपवलेले नाही. या नियमापायी माझ्या मावशीच्या लग्नाच्या फोटोत मंगलाष्टकांच्या वेळी कोपऱ्यात बसून पाठ खाजवणारा आचारी कायमचा राहिला. मावशी रडली. "दाजी, तेवढा आचारी कापा हो!" नाना म्हणाले, "आचारी होता ना तिथं? मग होता." मायने त्या कॅमेऱ्याचे नाव सवत ठेवले होते. "सवतीला पुसून झालं असेल तर जेवायला या," अशी हाक येई.

या नियमांवर कळस म्हणजे खाच. कॅमेऱ्याच्या पोटात, जिथे फिल्म ताणून बसते, तिथे पत्र्याची चौकट असते. तिच्या डाव्या बाजूला प्रत्येकाने कानशीने एक बारीक खाच पाडली होती. त्या खाचेतून उजेड आत जाई आणि छापलेल्या फोटोच्या काळ्या चौकटीत तेवढ्याच आकाराचा दात दिसे. नरसिंगरावांचा दात सुईसारखा, हमीदचाचांचा अर्धा चंद्र, डॉक्टरांचा ज्वारीच्या दाण्याएवढा. नानांनी आपली खाच स्वतः पाडली होती आणि हात सरकल्यामुळे ती मोठी तिरपी त्रिकोणी झाली होती. हमीदचाचा म्हणायचे, "कदमसाब, ये खाच है के चूहे ने कतरा?" फोटो कोणाचा हे नाव न लिहिता ओळखता येई. नरसिंगरावांना त्याचा फार अभिमान. कचेरीतल्या बड्या साहेबांनाही त्यांनी ऐकवले होते, "साब, दस्तखत झूठे बन सकते. हमारी खाच झूठी नहीं बन सकती."

हे सगळे चालू असताना बाहेर हैदराबाद राज्य मोडत होते. मराठवाडा मुंबईकडे जाणार, तेलंगण आंध्राकडे, कन्नड भाग म्हैसूरकडे, असे बोलले जाई, आणि प्रत्येक कचेरीत एकच प्रश्न असे: मी कुठे? शेजारच्या टेबलावरचा माणूस कोणत्या राज्यात जाईल हे त्याला स्वतःला ठाऊक नसे. माय एक दिवस ट्रंक भरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा उपसे. सरकारी नोकराने चळवळीच्या आसपासही दिसायचे नाही, अशी तंबी होती. कोण कुणाच्या बाजूने बोलला हे वर कळवले जाते, असे नाना दबल्या आवाजात सांगत. त्या दिवसांत आमच्या घरात सगळे हळू बोलू लागले होते. मला आठवते, गल्लीत सायकलची घंटी वाजली तरी मायचा भाकरी थापणारा हात थांबे आणि घंटी पुढे गेल्यावरच पुन्हा चाले.

एका सकाळी नाना मला शाळेची पुस्तके घ्यायला कोठीला घेऊन गेले. कॅमेरा खांद्याला होताच. पुस्तकांच्या दुकानातून बाहेर पडलो तर चौकात मोर्चा होता, घोषणा होत्या, आणि बघता बघता पळापळ झाली. दुकानांची दारे खाली येऊ लागली. नाना मला एका बंद दाराला टेकवून स्वतः पुढे उभे राहिले. त्यांच्या कोटाच्या बाहीखालून मला सत्यम मास्तर दिसला. तो मोर्चात नव्हता; शाळेच्या वह्या तपासायला घरी नेत होता. दोन्ही हातांत वह्यांचा ढीग, ढिगावर हनुवटी टेकवलेली. त्याच्यासमोर एक शिपाई काठी उगारून. मग नानांच्या पोटाजवळ कॅमेऱ्याचा लहानसा खट् आवाज झाला. नाना विचार करून फोटो काढणारे होते, उजेड मोजायचे, अंतर मोजायचे. तो एकच फोटो त्यांनी विचार न करता काढला असावा. पुढे काय झाले ते मी पाहिले नाही, डोळे मिटून घेतले होते. वह्या पडल्याचा आवाज तेवढा ऐकला.

संध्याकाळी कळले की सत्यम मास्तरला धरले आहे. डोके फुटले होते, आणि वर त्याच्यावरच आरोप होता, त्याने शिपायावर दगड फेकला म्हणून. नोकरी जाणार, तुरुंग होणार. लक्ष्मम्मा आमच्या उंबऱ्यात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "ना कोडुकु पत्थर नै उठाता, अक्का. कॉपी उठाता." माझा मुलगा दगड उचलत नाही, वह्या उचलतो. माय त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत होती आणि नाना भिंतीकडे बघत होते. दोन्ही हातांत वह्या असलेला माणूस दगड फेकू शकत नाही, आणि ते दाखवणारी गोष्ट आमच्या खुंटीवर, चामड्याच्या पिशवीत टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी न्हाणीघराच्या झरोक्याला घोंगडे लावून नानांनी रीळ धुतले. वाळल्यावर फोटो छापला. मी बाहेर पाटावर बसून होते. माय दाराशी येऊन म्हणाली, "अहो, देऊ नका. पाया पडते. माणूस मराठी, मोर्चा तेलुगू, नोकरी सरकारी. आपल्याला कोण ठेवील?" आतून नाना म्हणाले, "नाव सांगणार नाही. सत्यमच्या वकिलाच्या दारात पाकीट सरकवून येतो." त्यांनी तसेच केले. परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती, पण चेहऱ्यावर थोडे समाधान होते. आपण कोणाच्या नजरेला पडलो नाही, असे त्यांना वाटत होते.

आणि फोटोभोवती काळी चौकट होती. चौकटीत उंदराने कुरतडल्यासारखा तिरपा त्रिकोण होता. इतक्या वर्षांच्या सवयीने नानांनी फोटो अखंड छापला होता. कापायचे त्यांच्या मनातही आले नाही. तुम्ही म्हणाल, एवढा घाबरलेला माणूस हे कसे विसरला? ते विसरले नव्हते. कड कापलेला फोटो त्यांच्या लेखी फोटोच नव्हता, त्यामुळे तसे काही करता येते हेच त्यांना सुचले नाही.

चूक त्यांना कळली ती कचेरीत. नरसिंगरावांनी त्यांना आत बोलावले आणि दार लावून घेतले. वकिलाने फोटो कोर्टापुढे ठेवला होता, आणि सरकारी बाजूने सांगितले जात होते की हा फोटो बनावट आहे, दोन फोटो जोडून केलेला आहे. बड्या साहेबांना आठवले की आपल्या खात्यात फोटोतला एक जाणकार आहे. त्यांनी फोटो नरसिंगरावांकडे पाठवून त्यांचे मत मागवले होते. नरसिंगराव नानांना इतकेच म्हणाले, "इतवार को घर आता हूँ. कॅमेरा घर में रखना." नाना घरी आले आणि जेवले नाहीत. मायने कॅमेरा खुंटीवरून काढला आणि ज्वारीच्या डब्यात, दाण्यांच्या आत, खोल पुरला. धूळ म्हटली की ज्यांच्या अंगावर काटा यायचा ते नाना हे नुसते बघत राहिले. ते पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

रविवार येईपर्यंतचे दिवस मी शाळेत कसे काढले ते आठवत नाही. मनात एकच चित्र होते: नानांना घेऊन जायला कोणी आले आहे, आणि मी त्याला शिंकताना ऐकते आहे. आजही खालच्या मजल्यावर कोणी मिरचीची फोडणी दिली आणि पाहुणा शिंकला की माझा हात आपोआप गळ्याशी जातो. तुमच्या आजोबांना याचे कोडे वाटायचे.

नरसिंगराव आले, सोबत हमीदचाचा. जिन्यातल्या मिरचीच्या धुळीने दोघेही शिंकले. माय हसली नाही. चहा ठेवायच्या निमित्ताने मी दाराशी उभी राहिले. नरसिंगरावांनी खिशातून तो फोटो काढून चटईवर ठेवला.

"डॉक्टर नहीं आए?" नानांनी विचारले.

"डॉक्टर बोले, मैं किसी को नहीं पहचानता," हमीदचाचा म्हणाले. "शरीफ आदमी है. डर गया."

नाना म्हणाले, "याच्या जागी दुसरा छापतो. कड कापून देतो."

"काटो," नरसिंगराव म्हणाले. "फिर मैं क्या बोलूँ? पूरी चौकट है, इसी वास्ते मैं लिख सकता हूँ के फोटो सच्चा है. काटे तो वो बोलेंगे, देखो, कुछ छुपाया. लड़का अंदर."

"और पूरी रखे तो कदम अंदर," हमीदचाचा म्हणाले.

"साब पूछेंगे, खाच किसकी. मैंच उनको बोला था खाच की बात. मैं झूठ नहीं बोलता, कदम. तुम जानते. फोटो के बारे में तो बिल्कुल नहीं."

रविवार असल्यामुळे खालची मुसळे बंद होती, चहाचे आधण तेवढे ऐकू येत होते. नाना फोटोतल्या सत्यम मास्तरकडे बघत होते. मग म्हणाले, "तर मग खरं सांगा, रावसाहेब. माझी आहे म्हणून सांगा." हे त्यांनी इतक्या हळू म्हटले की माझ्या हातातली कपबशी वाजली ती त्याहून मोठी वाजली.

तेव्हा माय दारात आली. नरसिंगरावांसमोर ती कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती भिंतीला उद्देशून बोलली, पण मराठीत आणि रागाने. "आमच्या गावाकडं लग्नाला भाऊबंदांची भांडी येतात. सगळ्या तांब्यांवर आडनाव एकच घातलेलं. लग्न उरकल्यावर कोणता तांब्या कुणाचा, देवालाबी सांगता येत नाही. एवढे शिकलेले लोक तुम्ही. एकसारख्या खाचा पाडायला काय जातंय तुमचं?"

नरसिंगरावांना मराठी कळत होती. ते दचकून मायकडे बघत राहिले. मग त्यांचा हात आपल्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीवर गेला, आईने मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. "मेरे कॅमेरे को? वो चूहे की खाच?"

हमीदचाचा एकदम हसले, इतक्या दिवसांत आमच्या घरात हसलेले ते पहिलेच. "रावसाब, आपकी सुई को त्रिकोण बनाना है, बस. छोटी से बड़ी होती, बड़ी से छोटी नहीं होती. भाबी, अल्ला का शुक्र के कदमसाब का हाथ फिसला था." त्यांच्या खिशात चष्म्याच्या काड्या घासायची बारीक कानस नेहमीच असे. त्यांनी आधी आपला कॅमेरा उघडला. माझ्या हातात जुने धोतर देऊन खाली धरायला लावले, म्हणजे कीस आत पडू नये. कानशीचा तो कुरकुर आवाज सुरू झाला तसा मला वाटले सगळी गल्ली ऐकते आहे. मायने दाराची कडी लावली आणि उगीचच भांडी वाजवायला सुरुवात केली. ज्वारीतून नानांचा कॅमेरा वर आला, दाणे झटकले गेले, आणि त्याची खाच मापाला समोर ठेवली गेली.

नरसिंगरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी कानस स्वतः हातात घेतली. हमीदचाचांना करू दिले नाही. दोन-तीनदा थांबले. एकदा म्हणाले, "ये ठीक नहीं है, कदम. फोटो सच्चा रहेगा, कॅमेरे झूठे हो जाएँगे." पण घासून झाल्यावर नरसिंगरावांनी फुंकर मारली, खाच उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले, "आता कोणी विचारलं, ही खाच कोणाची, तर मी माझा कॅमेरा उघडून दाखवीन. ते खोटं नाही." हे त्यांनी मराठीत म्हटले, मायकडे न बघता. मग थंड झालेला चहा त्यांनी सगळा प्याला.

ते वरिष्ठांपुढे काय बोलले हे आम्हाला पुष्कळ दिवस कळले नाही. ते दिवस सर्वांत वाईट होते. डॉक्टर कोणाला सांगतील का, ही भीती वेगळी. नाना कचेरीतून परत येईपर्यंत माय खिडकीत उभी राही आणि कोपऱ्यावर त्यांची टोपी दिसली की चूल पेटवी. डॉक्टरांनी कोणाला काही सांगितले नाही. पण ते पुन्हा हमीदचाचांच्या दुकानातही आले नाहीत, आणि नाना रस्त्यात दिसले तर ते रस्ता ओलांडत. नाना मला म्हणत, त्यांचा राग धरू नकोस, भीती मलाही वाटत होती. मी अजून ठरवू शकलेले नाही.

सत्यम मास्तर एका दुपारी सुटून आला. डोक्याला पट्टी, एक डोळा अर्धा मिटलेला. लक्ष्मम्मांनी त्याला आधी आमच्या उंबऱ्यावर आणले, मग आपल्या घरी नेले. नरसिंगरावांनी फोटो अखंड आणि खरा असल्याचे लिहून दिले होते, आणि खाचेबद्दल विचारल्यावर आपल्या कॅमेऱ्याचे पोट उघडून साहेबांसमोर ठेवले होते. साहेबांनी आत वाकून पाहिले, एवढेच हमीदचाचांनी सांगितले. त्यांना पटले की त्यांनी सोडून दिले, हे कोणाला माहीत नाही. सत्यम मास्तरला फोटो कोणी काढला ते नानांनी कधी सांगितले नाही. त्याला कळले होते असे मला वाटते, कारण नंतर तो शिकवणीला आला की आधी नानांच्या पायांना हात लावी आणि मग वही उघडी.

रविवारची बैठक पुढे थोडी चालली, पण तिच्यातली मजा गेली. कोणता फोटो कोणाचा यावर वाद होऊ लागले. नरसिंगराव स्वतःचा म्हणून हमीदचाचांचा फोटो उचलत आणि मग रुसून बसत. राज्य मोडल्यावर त्यांची बदली लांब झाली. नानांना मात्र हैदराबादेतच ठेवले. मायने ट्रंक शेवटची उपसली त्या दिवशी तिने पुरण घातले होते. नानांनी त्यानंतरही फोटो काढले, सगळे अखंड छापले. मात्र कोणी नवा माणूस दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेऊन आला, तर ते त्याला पूर्वीसारखे हसत नसत. एवढेच विचारत, "यातून काय काढलं, दाखवा."

निहार, तुझा कॅमेरा चांगलाच असणार. तो कोणत्या कंपनीचा आहे हे मला पुन्हा सांगू नकोस. त्यातून काढलेले काही पाठव.

नानांचा कॅमेरा माझ्या कपाटात आहे. त्याचा भाता फाटला आहे आणि तो चालत नाही. हमीदचाचांचे दुकान आता नाही. सत्यम मास्तर गेले. विद्यानगरात त्यांच्या मुलीच्या घरी बैठकीच्या भिंतीवर, खटल्यानंतर त्यांना परत मिळालेला तो फोटो आहे, खाचेसकट.